सोळा वर्षांचा विद्यार्थी कुठल्या रजिस्टरमध्ये शोधायचा?

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. इतिहासात एम.ए. झालेली, पेट पास झालेली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलेली. विषय होता ‘नागपूर शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यासेतर उपक्रमांतील सहभाग : एक ऐतिहासिक अभ्यास’. म्हणाली, “दादा, एकदा नजर टाका ना. आरआरसी जवळ आली आहे.”

विषय चांगलाच होता. पण गृहीतक क्रमांक एकपाशी मी अडकलो. तिथे लिहिलं होतं, ‘सन १९७५ नंतर विद्यार्थ्यांचा उपक्रमांतील सहभाग उत्तरोत्तर घटत गेल्याचे दिसून येते.’

अडकलो, कारण जवळपास हेच वाक्य चार वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होतं. माझ्या गाईडनी त्याच्याखाली पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते : “कोणाचा सहभाग?” मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? विद्यार्थ्यांचा, आणखी कोणाचा! त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला माझं अख्खं वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी ‘विद्यार्थी’ कोण ते ठरवा

‘सहभाग’ हा शब्द आला की आपण लगेच उपक्रम मोजायला लागतो. गॅदरिंग, वादविवाद, एकांकिका, एनसीसी, एनएसएस, क्रीडा, विद्यार्थी संघटना. यादी करायची, दर वर्षाचे आकडे मांडायचे, आलेख काढायचा. पण आलेखात उपक्रमांच्या आकड्याखाली आणखी एक आकडा असतो : एकूण किती विद्यार्थ्यांपैकी? हा खालचा आकडा, म्हणजे छेद, शंभर वर्षांत अनेकदा बदलला आहे. कधी वयामुळे, कधी विद्यापीठाच्या हद्दीमुळे, कधी कायद्यामुळे. आणि तो बदलला हे वार्षिक अहवालात कुठेही लिहून ठेवलेलं नसतं.

यातली सगळ्यात मोठी गडबड सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींबाबत होते. आज ती अकरावी-बारावीत असतात. बाहेरच्या देशांतही दहावीच्या पुढची ही दोन वर्षं अशीच अधांतरी असतात. इंग्लंडमध्ये त्यांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात, त्यासाठी काही ठिकाणी वेगळी कॉलेजं आहेत, तर काही ठिकाणी तो शाळेचाच शेवटचा टप्पा असतो. आपल्याकडे त्याला ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असं नाव मिळालं. नावात महाविद्यालय, कारभार मात्र बोर्डाचा. नागपुरातला यांचा इतिहास क्रमानं बघू, म्हणजे मुद्दा आपोआप उलगडेल.

डिसेंबर १९२० : सोळा वर्षांचा माणूस

१९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं. असहकाराचा कार्यक्रम पक्का झाला तो इथे. हे आपण नेट-सेटच्या तयारीत पाठच केलेलं असतं. पण त्या असहकाराच्या ठरावातलं विद्यार्थ्यांविषयीचं कलम नीट वाचलं आहे का? ते दोन भागांत आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांबाबत आवाहन आहे ते त्यांच्या पालकांना, मुलांना नाही : तुम्ही त्यांना सरकारी शाळांतून काढून घ्या. आणि सोळा व त्यावरच्या विद्यार्थ्यांना आवाहन थेट आहे : तुमच्या विवेकाला पटत नसेल तर परिणामांची पर्वा न करता सरकारी संस्था सोडा.

म्हणजे ठराव लिहिणाऱ्यांनी रेघ सोळाव्या वर्षावर मारली. सोळाच्या आत तू बापाचा मुलगा, सोळाच्या पुढे तू तुझा. त्या काळी मॅट्रिक होऊन मुलगा साधारण याच वयात कॉलेजात पाऊल टाकायचा. त्यामुळे ‘सोळा वर्षांचा’ आणि ‘कॉलेजचा’ हे लोकांच्या डोक्यात जवळपास एकच होतं.

अधिवेशनाच्या तोंडावर, २५ डिसेंबरला, नागपुरातच अखिल भारतीय महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद भरली. अध्यक्ष होते लाला लजपतराय. आता तारखेकडे बघा. नाताळची सुट्टी. बरोबर वीस वर्षांनी, डिसेंबर १९४० मध्ये, ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनचं अधिवेशन नागपुरातच झालं आणि तिथेच संघटनेत फूट पडली; कम्युनिस्ट एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. तेही नाताळच्याच दिवसांत. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. नागपूर रेल्वेच्या मोठ्या मार्गांवर, देशाच्या मध्यावर, आणि कॉलेजं बंद असल्यानं पोरं मोकळी. एक गोष्ट टिपून ठेवा : विद्यार्थ्यांचा सहभाग त्यांच्या मतांवर अवलंबून असतो, तितकाच तो वेळापत्रकावरही असतो. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

१९२३ : ९२७ विद्यार्थ्यांचं विद्यापीठ

नागपुरात कॉलेजं आधीपासून होती. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. पण परीक्षा आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी. संलग्न कॉलेजं सहा, विद्यार्थी ९२७.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आज शहरातल्या एखाद्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयात एवढी मुलं सहज असतात. पण १९२३ मध्ये ही अख्ख्या प्रांताच्या विद्यापीठाची पटसंख्या होती. त्यात मुली किती असतील, कुठल्या जातींची मुलं किती असतील, खेड्यातली किती असतील, याचा अंदाज आकड्यावरूनच येतो. मुलींसाठी वेगळं कॉलेज यायला १९३२ साल उजाडलं. तेच आजचं एल.ए.डी. तेव्हा ‘त्या काळी सगळे विद्यार्थी उत्साहानं भाग घेत’ असं कोणी आठवणींत लिहिलं असेल, तर त्यातले ‘सगळे’ म्हणजे हे एवढेच, हे धरून चला.

आणि हो, ज्या महिन्यात विद्यापीठ सुरू झालं त्या महिन्यात शहरात काय चाललं होतं? झेंडा सत्याग्रह. मे १९२३ मध्ये सुरू झालेला, ऑगस्टच्या मध्यावर संपलेला. देशभरातून येणारे सत्याग्रही नागपुरात झेंडा घेऊन निघत होते आणि तुरुंगात जात होते. कॉलेजच्या कागदांत ‘उपक्रम’ म्हणून तुम्हाला वादविवाद मंडळ सापडेल, क्रिकेट सापडेल, नाटक सापडेल. रस्त्यावरचा झेंडा तिथे सापडणार नाही. तो पोलिसांच्या कागदांत, ‘हितवाद’ आणि ‘महाराष्ट्र’सारख्या पत्रांच्या जुन्या अंकांत शोधावा लागतो. कॉलेजच्या दप्तरात कॉलेजनं मंजूर केलेलाच सहभाग दिसतो. नामंजूर सहभागासाठी दुसऱ्या कपाटाची किल्ली लागते.

१९३८ : एका गाण्यापायी

नामंजूर सहभागाचं एक उदाहरण तर असं आहे की त्यात नागपूर विद्यापीठाची बाजू वेगळीच दिसते. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि कॉलेजांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. त्यांना काढून टाकण्यात आलं. एका गाण्यापायी शिक्षण बंद. मग ही मुलं जाणार कुठे? त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला.

त्या लोंढ्यातला एक मुलगा वरंगळकडचा होता. १९२१ चा जन्म. म्हणजे तेव्हा वय सतरा. शिकत होता इंटरला. नाव पी. व्ही. नरसिंह राव. पुढे कायद्याचं शिक्षणही त्यांनी नागपुरातूनच घेतलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

इथे थोडं थांबून मोजून बघा. सतरा वर्षं, इंटर. आजच्या भाषेत बारावीचा विद्यार्थी. त्या काळात तो विद्यापीठाचा विद्यार्थी होता, म्हणूनच एक विद्यापीठ त्याला काढू शकलं आणि दुसरं विद्यापीठ त्याला घेऊ शकलं. आज बारावीतल्या मुलावर असा प्रसंग आला तर कुलगुरूंचा त्याच्याशी काहीच संबंध नसेल. त्याची फाईल शिक्षण उपसंचालकांकडे जाईल.

१९६३ ते १९६८ : फुगलेला आकडा

आता एक वेगळ्या प्रकारचा सापळा. एनसीसीचा कायदा १९४८ चा. सुरुवातीला ज्याला हवं तो जाई. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. देशभरात ३७ विद्यापीठं आणि ४० हजार स्वयंसेवक.

मी पहिल्यांदा आलेख काढला तेव्हा साठच्या दशकात भलामोठा उंचवटा आला आणि नंतर सरळ उतार. मी खूष! ‘राष्ट्रभावनेचा परमोच्च काळ’ असं उपशीर्षकही देऊन टाकलं. नंतर लक्षात आलं, हा उंचवटा भावनेचा नाही, सक्तीचा आहे. परेडला न जाण्याची मुभाच नव्हती, तर ‘सहभाग’ हा शब्द तिथे लागू कसा करायचा? म्हणजे त्या मुलांना आवड नव्हती असं नाही. अनेकांना होतीच असेल. पण सक्तीच्या काळातली हजेरी त्याविषयी काहीच सांगत नाही. सांगतात ते १९६८ नंतरचे आकडे : सक्ती उठल्यावर कोण राहिलं?

म्हणून प्रत्येक आकड्याजवळ एक खूण करा : ऐच्छिक, सक्तीचा, की गुणांसाठीचा? तिसरा प्रकार आज फार मोठा आहे. खेळात किंवा एनसीसीत काही केलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तासांची वही भरलेली असते. ते तास कोणी मनापासून दिले आणि कोणी सहीपुरते, ते वहीला माहीत नसतं.

१९७५ : रेघ सरकते

आता येऊ त्या मुलीच्या गृहीतकाकडे, आणि माझ्याही जुन्या चुकीकडे.

१९७५ पर्यंत महाराष्ट्रात मॅट्रिक झालं की मुलगा थेट कॉलेजात येई. तिथला पहिला टप्पा कधी इंटरचा होता, कधी प्री-युनिव्हर्सिटीचा. नावं बदलली, वर्षं कमी-जास्त झाली, पण तो विद्यापीठाचा विद्यार्थी असायचा. त्याचं नाव कॉलेजच्या पटावर, त्याचा चेहरा गॅदरिंगच्या फोटोत, त्याची कविता वार्षिकांकात.

मग १०+२+३ आलं. मार्च १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी, त्या जूनपासून अकरावी, १९७७ मध्ये पहिली बारावी. मधली दोन वर्षं विद्यापीठाच्या बाहेर गेली आणि बोर्डाच्या कक्षेत आली. नागपुरात बऱ्याच ठिकाणी इमारत तीच राहिली, फाटक तेच, ग्रंथालय तेच, अनेकदा प्राचार्यही तेच. बदललं फक्त रजिस्टर.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते एका काल्पनिक उदाहरणानं बघू. समजा, एका कॉलेजात १,००० विद्यार्थी आहेत. ४०० पहिल्या टप्प्यात, ६०० पदवीच्या वर्गांत. गॅदरिंगमध्ये पहिल्या टप्प्याचे १५० आणि पदवीचे १५०, असे ३०० जण भाग घेतात. सहभाग ३० टक्के. आता पद्धत बदलली. तुम्ही वरिष्ठ महाविद्यालयाचा अहवाल उघडला. तिथे ६०० विद्यार्थी आणि त्यातले १५० सहभागी. २५ टक्के. संख्या अर्धी झाली, टक्काही पाच अंकांनी खाली आला. तुम्ही लिहिणार, ‘सहभाग घटला’. पण एकाही मुलानं मागे पाऊल घेतलेलं नाही! बाकीचे १५० जण तेच नाच, तीच गाणी, तीच नाटकं पलीकडच्या वर्गांत करत आहेत. त्यांची नोंद दुसऱ्या वहीत झाली, किंवा झालीच नाही.

माझ्या बाबतीत ती झालीच नव्हती. मी एका महाविद्यालयात वार्षिकांक बघायला गेलो. पदवी विभागाचे अंक कापडी बांधणीत, क्रमानं लावलेले. कनिष्ठ विभागाचे कुठे, विचारलं. तिथले काका म्हणाले, “ज्युनिअरचं आपण नाही ठेवत. ते बोर्डाचं.” बोर्डाच्या कार्यालयात निकाल असतात, मान्यतेची कागदपत्रं असतात, अकरावीच्या मुलीनं बसवलेली एकांकिका तिथे कशाला असेल? म्हणजे तिची एकांकिका दोन्ही घरांची पाहुणी, मुक्काम कुठेच नाही.

गंमत अशी की सगळ्या यंत्रणांनी ही रेघ एकाच जागी मारलेली नाही. एनसीसीला अकरावीचा मुलगा कॉलेजचा वाटतो. त्याला सीनिअर डिव्हिजनमध्ये घेतात. क्रीडा खात्याला तो शाळेचा वाटतो. तो शालेय स्पर्धांच्या एकोणीस वर्षांखालच्या गटात खेळतो, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत नाही. एकच मुलगा, एकच दिवस. सकाळी परेडला तो कॉलेजचा आणि संध्याकाळी मैदानावर शाळेचा. तुम्ही कुठल्या खात्याचे कागद उघडता त्यावर तो तुमच्या प्रबंधात येतो किंवा गळतो.

प्रतिनिधी कोण?

विद्यार्थी प्रतिनिधित्वाचंही असंच. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजांतल्या थेट निवडणुका संपवल्या. विद्यार्थी परिषदेत वर्गाचा प्रतिनिधी म्हणून मागच्या परीक्षेत गुणवत्तेत पहिला असलेला विद्यार्थी, आणि त्याच्या जोडीला क्रीडा, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून प्राचार्यांनी नेमलेले विद्यार्थी. म्हणजे ‘तुला कोण हवा?’ हा प्रश्नच निघाला. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या. प्रत्यक्षात त्या पुढे पुढे ढकलल्या गेल्या. तुम्ही १९८५ आणि २००५ च्या परिषदांची तुलना करत असाल, तर दोन्हींचं नाव एक असलं तरी एकीत निवडून आलेले आहेत आणि दुसरीत गुणपत्रिका आहेत, हे विसरू नका.

आणि हे दोन्ही कायदे विद्यापीठांचे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी त्यांत येतच नाही. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, पण सतरा वर्षांचा मुलगा त्याही रेघेच्या खालीच राहिला. १९२० मध्ये नागपुरातच ज्या वयाला ‘परिणामांची पर्वा करू नका’ असं सांगितलं गेलं, त्या वयाला आज गॅदरिंगच्या समितीवर बसायलाही सरांची चिठ्ठी लागते. सहभाग घटला म्हणायचा असेल तर तो इथे. पण ही घट मुलांच्या उत्साहातली नाही, त्यांना दिलेल्या जागेतली आहे.

विद्यापीठाची हद्दही हलते

आणखी एक छेद, पटकन सांगतो. जुन्या प्रांताच्या काळात जबलपूर-सागरकडची कॉलेजंही नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ झालं. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली तिकडे गेलं. तीनही वेळा नागपूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतले संघ कमी झाले असणार, हे उघड आहे. याला कोणी ‘क्रीडासंस्कृतीचा ऱ्हास’ म्हटलं तर हसू येईल ना? पण नकाशा शेजारी न ठेवता आलेख काढला की आपणही तेच म्हणून बसतो.

हजेरीत आहे, वर्गात नाही

अलीकडच्या काळात तर पटावरचा विद्यार्थी खरंच कॉलेजात आहे का, हाच प्रश्न झाला आहे. जेईई-नीटच्या क्लासेसचे कनिष्ठ महाविद्यालयांशी ‘टाय-अप’ सुरू झाले. प्रवेश कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात उगवणार प्रात्यक्षिकाला. शेवटी २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. असा आदेश काढावा लागतो, यातच सगळं आलं. या मुलांना छेदात धरायचं की नाही? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण काय धरलं ते प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं.

आणि उलट बाजूही आहे : कॉलेजात रोज येणारी, पण उपक्रमांच्या वेळी नसणारी मुलं. आपल्याकडे याला एक शब्द आहे, अप-डाऊन. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकहून एसटीनं, रेल्वेनं येणारी. तालीम तास संपल्यावर, म्हणजे नेमकी गाडी सुटायच्या वेळी. मुलींना तर अंधार पडायच्या आत घर गाठायचं असतं. नाताळच्या सुट्टीचा मुद्दा आठवतोय? वेळापत्रक कोणाच्या सोयीचं आहे, त्यावर कोण भाग घेणार हे ठरतं. १९२० मध्येही आणि आजही.

मग करायचं काय?

एवढं ऐकून घाबरू नका. विषय सोडायची गरज नाही. फक्त काम करायची पद्धत थोडी बदला. मी आता असं करतो.

एक, संस्था धरून न चालता वय धरून चालतो. ‘१६ ते १८ वर्षांची मुलं’ हा गट पक्का करायचा आणि तो कुठल्या वर्षी कोणाच्या रजिस्टरमध्ये होता ते शोधत जायचं : इंटर, प्री-युनिव्हर्सिटी, कनिष्ठ महाविद्यालय.

दोन, उपक्रमांच्या तक्त्याआधी बदलांचा तक्ता करतो. १९२३, १९४६, १९६३, १९६८, १९७५, १९८३, १९९४, २०११, २०१६. यातल्या प्रत्येक वर्षी आलेखावर उभी रेघ मारायची. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ एकमेकांशी ताडायचे नाहीत.

तीन, मंजूर आणि नामंजूर सहभागाचे कागद वेगळे धरतो. वार्षिकांक, अहवाल, प्रॉस्पेक्टस एकीकडे. वर्तमानपत्रं, पोलीस आणि गृहखात्याच्या फायली, आत्मचरित्रं दुसरीकडे.

चार, जे कागदावर नाही ते विचारायला जातो. १९७५ च्या आसपास सोळा वर्षांचे असलेले लोक आज पासष्टीच्या पुढे आहेत. बोलायला तयार असतात, आठवणी ताज्या असतात. पण त्यांना ‘तुम्ही भाग घ्यायचा का?’ असं विचारू नका. ‘तास संपला की तुम्ही कुठे जायचात?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळतं. दुसऱ्याला अख्खी संध्याकाळ मिळते.

हे सगळं मी फोनवर त्या मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “दादा, म्हणजे माझ्या व्याख्येनं मी स्वतःच शून्य होते की!” मी म्हटलं, काहून? तर सांगायला लागली. दोन वर्षं ज्युनिअरला, तीन वर्षं सीनिअरला, पाचही वर्षं काटोलहून अप-डाऊन. गॅदरिंगमध्ये एकदाही नाव नाही. एनएसएसच्या शिबिराला घरून परवानगी नाही. पण कॉलेजचं भित्तिपत्रक पाचही वर्षं तिच्याच अक्षरात होतं. मैत्रिणी मजकूर द्यायच्या, ही रात्री घरी बसून लिहायची, सकाळी गाडीतून गुंडाळी करून आणायची. लावायचं काम दुसऱ्या मुली करायच्या, कारण हिचा पहिला तास असायचा. खाली संपादक म्हणून सरांचं नाव. महिना झाला की कागद काढून टाकायचे.

“एकही ठेवलं नाही?” मी विचारलं.

“कोण ठेवतं, दादा?”

मग तिनं सिनॉप्सिस परत लिहायला घेतली. नवं शीर्षक ‘नागपुरातील १६ ते १८ वयोगटातील विद्यार्थी आणि अभ्यासेतर उपक्रम (१९२३–२०१६) : नोंदी, हद्दी आणि गाळलेल्या जागा’. जरा लांब आहे, आरआरसीत कोणीतरी कात्री लावेलच. गृहीतक क्रमांक एक काढून टाकलं आहे. त्या जागी एक प्रश्न आहे, आणि तो तिनं माझ्या गाईडच्या दोन शब्दांपेक्षा चांगला लिहिला आहे : सहभागाची नोंद कोणी, कोणासाठी आणि कोणाला वगळून केली?

तुमची सिनॉप्सिस कुठल्याही विषयाची असो, एकदा उघडा आणि त्यातला ‘घट’, ‘वाढ’, ‘प्रमाण’ असा शब्द शोधा. त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहा, “कोणाची?” उत्तर लगेच आलं तर उत्तम. नाही आलं, तर समजा, तुमचा खरा विषय तिथेच आहे.